मदत हवी आहे: आईचं दुःख नेहमीचं की उपचार लागणारं?

रावेर तालुक्यात राहतो. पोळ्याच्या सुमारास वडील हार्ट अटॅकने गेले. दशक्रिया, गंधमुक्ती सगळं रीतसर झालं. आई (वय ६२) तेव्हा फारशी रडली नाही, आता मात्र रडू थांबत नाही. स्वयंपाक करते, पण जेवायला बसवावं लागतं. पहाटे तीनला उठून बसते. केळीच्या बागेकडे फिरकत नाही. वडिलांचा विषय निघाला की उठून आत जाते.

आधीच सांगतो: जीव देण्याची भाषा नाही, सरळ विचारून झालंय. थायरॉइड, बी-१२ नॉर्मल. मामाकडे ठेवून पाहिलं, फरक नाही. टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ लावून दिला, तर 'मी काय येडी झाली का?' म्हणत फोन ठेवला.

नकार, राग ते स्वीकार हे शोकाचे पाच टप्पे कृपया सांगू नका. १९६९ साली ते मांडले गेले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांवरून, आणि आईचं काहीच ओळीने येत नाही. लांबलेल्या शोकाच्या निदानासाठी आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) किमान सहा महिने धरतं, डीएसएम-५-टीआर (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका) प्रौढांसाठी वर्ष. आम्ही नेमके मधे.

त्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. वडिलांची पहिली घागर भरायची आहे (गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात ती). जळगाव-भुसावळपर्यंत नेता येईल, पुण्या-मुंबईला नाही.

वर्षश्राद्धापर्यंत थांबावं की आत्ताच मानसोपचारतज्ज्ञ गाठावा? आणि घागरीला बसायला ती नको म्हणाली, तर आग्रह करावा का?