हायड्रो टेस्टमध्ये दाब उतरतो, पण थेंब कुठेच दिसत नाही

प्रश्न
नव्या पाणबुडीची सी-वॉटर कूलिंग लाईन, कुप्रो-निकेल (तांबे-निकेल मिश्रधातू) पाइप. डिझाइन दाब ३० बार, म्हणून हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) दीडपट, ४५ बारला. पंप बंद केल्यावर अर्ध्या तासात गेज ४२ वर येतं. फ्लँज (पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या चकत्या) कोरडे, वेल्ड कोरडे. सरळ फेल लिहायचं की आधी आणखी काही तपासायचं? बंदरातल्या व्हॅक्यूम टेस्टलाही (पाणबुडीतल्या हवेचा दाब उतरवून घेतलेली गळतीची चाचणी) असाच घोळ होतो का?

प्रतिसाद १
आधी टेस्ट पंप वेगळा करा. त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) पास होत असेल, म्हणजे बंद असूनही पाणी सोडत असेल, तर पाणी मागच्या मागे टाकीत जातं आणि पाइप उगाच बदनाम होतो. हेडरचा (पंपाची होज जोडलेल्या तुकड्याचा) व्हॉल्व्ह बंद करून होज काढा, तोंडातून थेंब येतो का बघा. लाईनची हद्द व्हॉल्व्हवर सोडली असेल तर तिथे ब्लँक फ्लँज (भोक नसलेली चकती) घाला. बंद व्हॉल्व्हची सीट (झडप टेकते ती जागा) पास झाली तर बाहेर काहीच दिसत नाही.

मग दर पाच मिनिटांनी गेज लिहून काढा. सुरुवातीला भरभर उतरून दाब स्थिरावत गेला, तर अडकलेली हवा पाण्यात विरघळतेय किंवा रबरी बेलो (लवचीक जोड) ताणतायत. जवळपास एकाच दराने उतरत राहिला तर गळती धरा. प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवा, डोळ्याला न दिसणारा ओलावा त्यावर ठिपका उमटवतो. दाब असताना बोल्ट मात्र आवळायचा नाही.

हवेचा संशय असेल तर पुन्हा भरा, सर्वांत उंच व्हेंटमधून (हवा काढायच्या तोंडातून) बुडबुड्यांविना सलग धार येईपर्यंत. अडकलेली हवा नुसतं गेज फसवत नाही, काही तुटलं तर तीच तुकडे उडवते.

प्रतिसाद २
तापमान लिहिलंय का? वीस अंशांच्या आसपास, पाण्याने गच्च भरलेल्या बंद पाइपात एका अंशाच्या फरकाने दाब अडीच-तीन बार हलतो. तुमचे तीन बार एवढ्यातच बसतात! भरल्यावर पाणी आणि पाइप एका तापमानाला येऊ द्या, पाइपाला थर्मामीटर बांधा, मगच होल्डचं (दाब धरून ठेवायच्या वेळेचं) घड्याळ सुरू करा.

प्रतिसाद ३
व्हॅक्यूम टेस्टमध्ये घोळ जास्तच. आतला दाब थोडा उतरवून बॅरोमीटर बघतात, कारण त्यामुळे हॅचचं झाकण समुद्र दाबतो त्याच दिशेने सीटवर बसतं. पण आतली हवा एक अंशाने तापली की दाब साधारण ३.४ मिलिबार वाढतो आणि हॅच गळतेय असं वाटतं. हाय-प्रेशर एअरची एखादी फिटिंग आत सुटत असेल तरी तेच दिसतं. उलट हवा थंड होत असेल तर खरी गळती झाकली जाते, आणि हे जास्त वाईट. त्यामुळे चालू यंत्रं बंद ठेवा, प्रत्येक कप्प्यात तापमान घ्या, एअर बँकांची (दाबाखालच्या हवेच्या बाटल्यांची) गेजं आधी आणि नंतर लिहा.

आणखी एक. हायड्रो पास झाली म्हणून ब्रेझ केलेला (मिश्रधातू वितळवून जोडलेला) जॉइंट पक्का समजू नका. आत मिश्रधातू नीट पसरलेला नसला तरी तो टेस्टचा दाब सहन करू शकतो. १९६३ मध्ये अमेरिकेची थ्रेशर पाणबुडी खोल बुडीच्या चाचणीत १२९ जणांसह गेली. त्याआधी अल्ट्रासॉनिक तपासणीत तिचे काही ब्रेझ जॉइंट कमअस्सल निघाले होते. तुमच्या लाईनमध्ये असे जॉइंट असतील तर हायड्रोच्या कागदासोबत प्रत्येकाचा यूटी (अल्ट्रासॉनिक तपासणीचा) रिपोर्ट मागून घ्या.