टेलिस्कोपिक पोलचा क्लॅम्प पकड धरत नाही

प्रश्न: काचा धुवायचा सहा टप्प्यांचा कार्बन फायबर पोल आहे, लिव्हरवाल्या क्लॅम्पचा. पूर्ण उंचीवर ब्रश टेकवला की खालून दुसरा टप्पा सरकत आत येतो. क्लॅम्पच बदलावा का?

उत्तर 1: लगेच स्क्रू पिळत बसू नका. टप्पा बाहेर काढून नळी आणि क्लॅम्पची आतली बाजू साध्या पाण्याने धुवा, कोरडी पुसा. बारीक रेती साचली की पकड सुटते, शिवाय नळीवर ओरखडे पडतात. मग टप्पा आत घाला, लिव्हर उघडी ठेवून अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाची किल्ली) स्क्रू पाव फेरा आवळा आणि बंद करून बघा. अंगठ्याने दाबून बसली पाहिजे. तळहात लावावा लागला तर पाव फेरा मागे या, नाहीतर नळी चिरते.

उत्तर 2: तेल-ग्रीस अजिबात नको, लिव्हरच्या पिनेवरसुद्धा. ओघळून नळीवरच येतं. स्क्रू नुसताच फिरत असेल तर आटे गेलेत किंवा नट खाचेत फिरतोय. जुना नट दुकानात नेऊन त्याच मापाचा स्टेनलेसचा आणा.

प्रश्नकर्ता: धुऊन पाव फेऱ्यात बसला! पण वरचा अख्खा क्लॅम्पच नळीभोवती फिरतोय.

उत्तर 1: त्याचा गोंद सुटलाय. आतला टप्पा काढून ठेवा, जुना गोंद खरवडा, 120 नंबरच्या सँडपेपरने ओलं घासा (कार्बनची धूळ वाईट, मास्क लावा). वाळल्यावर दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी गोंदाचा पातळ थर लावा. 24 तास हात लावायचा नाही.