तीन नमुन्यांवरून ‘नामशेष’: ग्वामच्या छोट्या वटवाघळाबद्दल तुमचं मत काय?

पारंबी:
ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने २१ प्रजाती नामशेष ठरवून संरक्षित यादीतून काढल्या. त्यात पॅसिफिकमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावरचं छोटं फलाहारी वटवाघूळ होतं, टेरोपस टोकुडी. नमुने तीनच. दोन १९३१ चे, आणि तिसरी १९६८ मध्ये उत्तर ग्वाममध्ये मारलेली मादी, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. तिचं पिल्लू निसटलं.
मला हा निर्णय पटत नाही. या जीवाची वीण, खाणं, राहणं कुणी धड पाहिलेलं नाही. जगणंच ठाऊक नाही त्याच्या मरणाची एवढी खात्री कशी? यादीत नाव राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

कडेकपारी:
बिघडतं. संरक्षणाचा पैसा आणि माणसं मोजकीच असतात. फनिही, म्हणजे तिथलं मोठं वटवाघूळ, अजून जिवंत आहे आणि धोक्यात आहे. आधी त्याला वाचवा. ग्वाम जेमतेम ५० किलोमीटर लांब, आणि १९६८ नंतर ५५ वर्षांत एकही खात्रीशीर नोंद नाही. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालातून तपकिरी वृक्षसर्प आला. त्याने तिथल्या रानपाखरांचा जवळजवळ सफाया केला. झाडावर ठेवलेलं पिल्लू त्याच्या तावडीतून सुटेल?

पारंबी:
साप मान्य. पण कोको हा तिथला पक्षीही रानातून संपला होता, आज तो शेजारच्या रोटा बेटावर मोकळा फिरतोय.

कडेकपारी:
कारण कोको आधीच पकडून पिंजऱ्यात वाढवले होते. टोकुडीचं एकही जिवंत वटवाघूळ कुणाकडे नव्हतं. हा फरक फार मोठा आहे, ताई.

उंडीचं झाड:
तुम्ही दोघं २०२३ वर भांडताय, माझा राग १९८४ वर आहे. मादी मारली गेली १९६८ मध्ये, अमेरिकेच्या यादीतलं संरक्षण मिळालं १६ वर्षांनी, १९८४ मध्ये! तोवर ग्वाममध्ये वटवाघळं नारळाच्या दुधात शिजतच होती. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याने फलाहारी वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून बसवलं होतं.
आमच्या कोकणात पहाटे वटवाघळांच्या झाडाखाली उंडीच्या बियांचा सडा असतो. गर कुरतडलेला, वर दातांच्या बारीक खुणा. आजी त्या वेचून तेल काढायची. उंडी ग्वामच्या किनाऱ्यावरही आहे. टोकुडी ती खायचं का, हे विचारायला आता कुणाकडे जायचं?

पारंबी:
दादा, १९८४ बद्दल तुमचं खरं आहे. तरी त्या पिल्लाचा विचार डोक्यातून जात नाही.