मदत हवी आहे: पाण्यात पीएफएएस निघालंय म्हणे, आरओ घेऊ का?

फुलेवाडीकर: अर्जंट आहे. काल आरओवाला पाणी तपासून गेला. म्हणाला पीएफएएस, म्हणजे नॉनस्टिक कोटिंगमध्ये वापरतात तसली न विघटणारी केमिकल्स, भरमसाट आहेत, कॅन्सर होतो. डोळ्यांदेखत पाणी गेरूसारखं झालं! आई पाण्याचा घोट घेईना. तो उद्या ॲडव्हान्स न्यायला येतोय. घेऊ की नको, एवढंच सांगा.

राजारामपुरी_आठवी: नळाचं की बोअरचं? तपासलं कशानं? आकडा किती?

फुलेवाडीकर: 480. पेनसारखं मीटर होतं. मग दोन सळ्यांचं यंत्र बुडवलं. त्याच्या बाटलीतलं पाणी तसंच राहिलं.

लॅबवाली: 480 हा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये. पीएफएएस नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. अमेरिकेनं 2024 मध्ये त्यातल्याच पीएफओए या केमिकलला लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. ते पेनला कुठलं दिसतंय? लॅबमधलं एलसी-एमएस मशीन लागतं. आणि रंग सळीच्या लोखंडाचा. क्षार असले की करंट वाहतो, सळी झिजते. त्याच्या बाटलीत आरओचं पाणी, क्षार जवळजवळ नाहीतच. चिमूटभर मीठ टाकायला लावा, तेही लाल होतंय बघा.

गंगावेस_तात्या: कशाला मशीन! उकळून तांब्याच्या हंड्यात ठेवा. आमचे आजोबा पंचगंगेचं पाणी पिऊन नव्वदी गाठले.

लॅबवाली: तात्या, उकळून जंतू मरतात. पीएफएएसमधला कार्बन-फ्लोरिनचा बंध त्यानं तुटत नाही. पाणी आटतं, पीएफएएस मागं राहतं.

चिपळूणचा_जावई: इटलीत पीएफएएस बनवणाऱ्या मिटेनी कंपनीची मशिनरी कोकणात लोट्याच्या एमआयडीसीत आणलीय, ते बोला की. तिकडं पाणी दूषित केल्याबद्दल कंपनीच्या 11 जणांना 2025 मध्ये शिक्षा झाली.

राजारामपुरी_आठवी: लोट्याचं पाणी पंचगंगेत येत नाही पाव्हणं. वेगळा धागा काढा.

सुगरण_कसबा_बावडा: कोटिंग उडालेले नॉनस्टिक तवे आधी काढा. मी बिडाचा घेतला. पहिले चार डोसे चिकटले, आता झकास सुटतात.

फुलेवाडीकर: तवा कुणी विचारला ओ ताई? आरओचं सांगा.

राजारामपुरी_आठवी: नळ का बोअर, ते अजून सांगितलं नाहीस भावा.

फुलेवाडीकर: बोअर. अपार्टमेंटचं.

लॅबवाली: मग क्षार आणि जंतूंची तपासणी लॅबमधून करून घ्या. चव खारट लागत असेल तर आरओ घ्या. पीएफएएस असलंच तर तेही त्यात बरंच अडतं, फक्त आतली गाळणी, म्हणजे मेंब्रेन, वेळेवर बदला. उद्या त्याच्याकडं पीएफएएसचा लेखी रिपोर्ट मागा. ॲडव्हान्स देऊ नका.

गंगावेस_तात्या: एएमसी किती सांगतोय?

फुलेवाडीकर: एएमसी म्हणजे? तेही पाण्यात असतंय?