मदत हवी आहे : १०७३ पद्धतीच्या माइक प्रीॲम्पमधील इनपुट ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का, हे कसे ओळखावे?

नमस्कार मंडळी,

बेळगावात टिळकवाडी भागात माझे लहानसे ध्वनिमुद्रण केंद्र आहे. खानापूर आणि निपाणीकडची भजनी मंडळे, हार्मोनियमवादन आणि अधूनमधून नाट्यपदे, असे आमचे काम चालते. कोल्हापुरातील एक स्टुडिओ बंद होत असून तेथील दोन चॅनेलचा, हाताने जोडलेला प्रीॲम्प (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) विक्रीस निघाला आहे. रचना नीव्ह या ब्रिटिश कंपनीच्या १०७३ या जुन्या प्रीॲम्पची आहे. खोके अलीकडचे असले तरी आतील दोन्ही इनपुट ट्रान्सफॉर्मर १९७० च्या दशकातील, मॅरिनेअर या कारखान्याचे असून जुन्या कन्सोलमधून (ध्वनिमिश्रणाच्या पटलातून) काढलेले आहेत, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे आणि सांगितलेली किंमत सर्वस्वी त्यावरच बेतलेली आहे. उपकरण तपासणीसाठी माझ्याकडे आहे, व्यवहार अजून व्हायचा आहे.

जाणकारांना ठाऊकच असेल की १०७३ मध्ये माइक इनपुटला १०४६८ आणि आउटपुटला एलओ ११६६ हे ट्रान्सफॉर्मर असत. ते आधी मॅरिनेअरकडून आणि पुढे सेंट आइव्ह्जकडून येत. आज त्याच जागी कार्नहिल या कंपनीचे व्हीटीबी ९०४५ आणि व्हीटीबी ११४८ बसवले जातात. १०४६८ हा नीव्हचा स्वतःचा सुटा-भाग क्रमांक असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या डबीवर तो आकडा दिसला म्हणजे आतला माल मॅरिनेअरचाच, असे म्हणता येत नाही. माझी अडचण नेमकी येथे आहे. पहिल्या चॅनेलच्या डबीवर १०४६८ एवढाच आकडा वाचता येतो. वरची ओळ, जेथे कारखान्याचे नाव असायला हवे, ती पुसली गेली आहे. दुसऱ्या डबीवर लेबलच नाही, फक्त डिंकाचा पिवळट चौकोन उरला आहे आणि एका कोपऱ्याला हलकासा पोचा आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर कार्नहिलचे नाव स्पष्ट असल्याने तेथे वाद नाही.

नुसते डोळ्यांनी पाहून निकाल देऊ नये, म्हणून काही मोजमापे घेतली. सुरुवातीला ओहममीटर मुद्दाम लावला नाही. माइक ट्रान्सफॉर्मरचा गाभा जास्त निकेलच्या मिश्रधातूचा असतो आणि काट्याच्या जुन्या मीटरमधून वाहणारा एकदिश प्रवाहदेखील तो चुंबकित करू शकतो. त्याऐवजी प्रायमरीला (माइककडच्या गुंडाळीला) १ किलोहर्ट्झचा १०० मिलिव्होल्ट सूर देऊन सेकंडरीवर (पुढच्या गुंडाळीवर) व्होल्टेज पाहिले. ३०० ओहमच्या जोडणीत, म्हणजे दोन्ही प्रायमरी समांतर असताना, दोन्ही चॅनेलवर साधारण चौपट आणि १२०० ओहमच्या जोडणीत साधारण दुप्पट व्होल्टेज मिळाले. १०४६८ कडून हीच अपेक्षा असते. मात्र कार्नहिलचा ९०४५ देखील हेच गुणोत्तर देतो. त्यामुळे दोन्ही ट्रान्सफॉर्मर याच जातीचे आहेत, एवढेच यातून ठरले. एखाद्याने जेन्सन कंपनीचा जेटी-११५ के-ई बसवला असता तर गुणोत्तर १ : १० निघाले असते.

फरक दिसला तो खालच्या स्वरांत. ४० हर्ट्झचा सूर देऊन पातळी हळूहळू वाढवली असता पहिल्या चॅनेलची लहर बराच वेळ स्वच्छ राहते. दुसऱ्या चॅनेलची लहर मात्र लवकर बिघडते, आणि तीही एकाच बाजूने. वरचे टोक चपटे होऊ लागते तेव्हा खालचे अजून गोल असते. पखवाजाच्या डाव्या अंगाला, जेथे कणीक लावलेली असते, माइक धरला की हा फरक कानालाही कळतो.

उद्यमबागेतील एका अनुभवी मोटर वाइंडिंगवाल्या काकांना दाखवले. डबी उघडून तारेचे फेरे मोजू या, असे त्यांनी सुचवले. त्यांचा हात उत्तम आहे, परंतु म्यू-मेटल या मिश्रधातूची डबी कापली किंवा ठोकली तर तिची चुंबकीय कवच म्हणून असलेली क्षमता घटते आणि ती परत मिळवण्यासाठी नियंत्रित भट्टीत तापवावी लागते. वस्तू अजून माझी नसताना असे करणे मला योग्य वाटले नाही.

तर प्रश्न असा : दुसरा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळलेला किंवा बदललेला आहे, असे या लक्षणावरून म्हणता येईल का? आणि डबी न उघडता मॅरिनेअर, सेंट आइव्ह्ज व कार्नहिल यांत भेद करण्याची खात्रीची खूण कोणती?

प्रतिसाद

सर, आपण डबी उघडू दिली नाहीत हे फार चांगले केलेत. आपल्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लहर एकाच बाजूने चपटी होणे. गाभा लहान असेल किंवा फेरे कमी असतील तर दोन्ही टोके सारखीच बिघडतात. एकच टोक बिघडते तेव्हा गाभ्यात एकदिश प्रवाह वाहत असतो किंवा पूर्वी वाहून गेल्यामुळे चुंबकत्व उरलेले असते. फँटमचे (कंडेन्सर माइकला त्याच तारेतून मिळणाऱ्या वीजपुरवठ्याचे) ४८ व्होल्ट ज्या दोन ६.८ किलोओहम रोधकांतून माइककडे जातात, ते दोन्ही उपकरण बंद ठेवून, एक टोक सोडवून मोजावेत. त्यांच्यातील फरक ०.४ टक्क्यांच्या आत असायला हवा. तो वाढला की कंडेन्सर माइक लावल्यावर दोन बाजूंचे प्रवाह असमान होतात आणि तो फरक प्रायमरीतून वाहतो. रोधक बदलल्यावर गाभ्याचे चुंबकत्व काढण्यासाठी कमी वारंवारतेचा सूर मोठ्या पातळीवर देऊन तो सावकाश शून्यापर्यंत आणावा. डबीला पोचा आहे, तर ५० हर्ट्झची गुणगुणही तपासावी : एखादा वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर समान अंतरावर धरून दोन्ही चॅनेलची तुलना करावी.

धागाकर्ता

आपला मनापासून आभारी आहे. दुसऱ्या चॅनेलचा एक रोधक ७.४ किलोओहमचा निघाला. दोन्ही जागी जुळवलेली नवी जोडी बसवून, सांगितल्याप्रमाणे चुंबकत्व काढल्यावर ४० हर्ट्झच्या लहरीची दोन्ही टोके आता सारखी आहेत आणि पहिल्या चॅनेलशी मिळतीजुळती आहेत. पोचा आलेल्या डबीत गुणगुण किंचित जास्त येते, पण मुद्रणात बाधा येण्याइतकी नाही. म्हणजे ट्रान्सफॉर्मर सदोष आहे ही माझी शंका फिटली. तो कोणत्या कारखान्याचा आहे, हे मात्र अजून ठरायचे आहे, आणि तेवढ्यासाठी मी मॅरिनेअरची किंमत देणार नाही, असे विक्रेत्यांना कळवले आहे.

ज्यांच्याकडे मूळ कन्सोलमधील, कागदपत्रांसह आलेला मॅरिनेअरचा १०४६८ आहे, त्यांना विनंती आहे की डबीच्या बुडाची, टोकांच्या मांडणीची आणि झाकणाच्या कडेची स्पष्ट छायाचित्रे येथे द्यावीत. शक्य असल्यास प्रायमरीचे इंडक्टन्स ५० हर्ट्झला मोजून, कोणत्या व्होल्टेजवर मोजले तेही लिहावे, कारण निकेलच्या गाभ्यात पातळी बदलली की हा आकडा बदलतो. मी माझ्या दोन्ही ट्रान्सफॉर्मरची मोजमापे त्याच व्होल्टेजवर घेऊन खाली देईन.