‘फेरसार्वमत’ आणि ‘घूमजाव’

रिकामटेकडी: स्कॉटलंडवरचा २०१७ सालचा एक लेख मराठीत करतेय. तिथल्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर (सरकारप्रमुख) निकोला स्टर्जन ब्रिटनपासून स्वातंत्र्यासाठी पुन्हा सार्वमत घेण्याचा हट्ट सोडणार का, असा विषय. मी मथळा दिला, ‘फेरसार्वमतावर स्टर्जन यांचे घूमजाव?’ संपादकबाईंनी दोन्ही शब्दांवर काट मारली. काय चुकलं?

व्याकरणकाका: फेरमतदान कधी होतं? मतपेटी पळवली, यंत्र बिघडलं तर. म्हणजे आधीचं रद्द. २०१४ चा निकाल (स्वातंत्र्य नको ५५ टक्के, हवं ४५) रद्द कुणी केला? ‘दुसरे सार्वमत’ लिहा.

रिकामटेकडी: मग फेरविचारात पहिला विचार रद्द होतो का? आणि स्टर्जनबाईंचं म्हणणंच ते होतं, ब्रेक्झिटमुळे सगळं बदललंय, लोकांना परत विचारा.

जुना कॅडेट: घूमजाव हिंदी आहे. कवायतीतला हुकूम म्हणतात, पण एनसीसीत तीन वर्षं काढली, ‘पीछे मुड’ सोडून काही ऐकलं नाही. ‘माघार’ काय वाईट आहे?

नगरी: आमच्या नगरला सार्वमत म्हणजे सकाळचा पेपर! असो. माघारही नाही अन् घूमजावही नाही. त्या जूनच्या निवडणुकीत पक्षाच्या ५६ च्या ३५ जागा झाल्यावर स्टर्जनबाईंनी सार्वमत पुढं ढकललं, मागणी सोडली नाही. याला दमानं घेणं म्हणतात.

म्हापशेकर: सार्वमत कशाला, कौल म्हणा. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात झाला तो जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश (केंद्रशासित). पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आमची आजी फुलवाली. पण म्हणायची, एकदा कौल मिळाला की परत लावायचा नसतो. हीच आजी देवळात कौल लावताना मूर्तीवरची डावी, म्हणजे नकाराची, पाकळी पडली की भटांना सांगायची, “ती नीट चिकटलीच नव्हती, परत लावा.”

व्याकरणकाका: कौल अरबी आहे. मूळ अर्थ वचन, शब्द. कौलनामा म्हणजे अभयपत्र. देवळात तो नंतर शिरला.

म्हापशेकर: शिरला ना? मग आता देवाचाच.

रिकामटेकडी: अहो, मथळा संध्याकाळपर्यंत द्यायचाय!

नगरी: काका, मग छपरावरचं कौल पण अरबीच का?