‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ : आपले अनुभव लिहावेत

पोळ्यापूर्वीची आवराआवर करताना आईच्या लोखंडी पेटीच्या तळाशी 1998 सालचे एक पिवळे पडलेले बिल सापडले. त्यावर लाल शाईचा शिक्का आहे : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून आईसाठी कुकर घेतला होता. त्याची कड एका बाजूने दबलेली होती आणि तेथून वाफ निघून जाई. तिसऱ्या दिवशी वडील तो जुन्या धोतरात बांधून एसटीने दारव्ह्याला घेऊन गेले, तेव्हा दुकानदाराने एक शब्दही न बोलता त्या शिक्क्यावर बोट ठेवले. पुढे कितीतरी वर्षे आई त्या कडेला कणीक लावून डाळ शिजवत होती. ग्राहक संरक्षण कायदा 1986 पासून होता. परंतु आमच्या वडिलांना ते कोणी सांगितले नव्हते. तुमच्यावरही असा प्रसंग आला असल्यास अवश्य लिहावे.

आर्णी तालुक्यातून
आमचे सोयाबीनचे बियाणे होते. चार बॅगा पेरल्या आणि आठव्या दिवशी ओळींत निम्मी रोपेही दिसेनात. कृषी केंद्रवाले म्हणाले, ‘तुम्ही खोल पेरले.’ पण त्याच दिवशी, त्याच तिफणीने पेरलेले दुसऱ्या वाणाचे बियाणे शेजारच्या पट्ट्यात दाट उगवले होते. मी बिल, लॉट क्रमांकाचे लेबल आणि बॅगेत उरलेले ओंजळभर दाणे जपून ठेवले होते. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिल्यावर तालुका तक्रार निवारण समिती शेतात आली, तिने ओळीतील रोपे मोजली आणि पंचनामा केला. त्यानंतर बियाणे बदलून मिळाले. दुबार पेरणीची मजुरी मात्र आमच्याच अंगावर पडली. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे, हे मला फार उशिरा कळले.

पुसदहून
ताई, कणकेचे वाचून डोळ्यांत पाणी आले. आमच्या आजीचाही कुकर तसाच होता.

दिग्रसहून
माझे गावात कापडाचे लहान दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रंग आवडला नाही किंवा सुनेला पसंत पडली नाही म्हणून साडी परत घेण्याची सक्ती कायदा दुकानदारावर करत नाही. तिथे आपसातील समजूतदारपणाच चालतो. सदोष मालाची गोष्ट मात्र निराळी आहे. 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार असा माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे समजल्यावर मी तो शिक्का वापरणे बंद केले.

घाटंजी तालुक्यातून
आम्हाला बिलच दिले नाही, कच्ची चिठ्ठी दिली. आता काय करावे?

दिग्रसहून
भाऊ, बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. चिठ्ठी आणि मोबाईलवरून पैसे दिल्याची नोंद सांभाळून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा.

नेर तालुक्यातून
फवारणी पंप नागपुरात घेतला होता आणि त्याची बॅटरी पहिल्याच आठवड्यात बसली. तक्रारीसाठी नागपूरला खेटे घालावे लागतील असे वाटले होते, परंतु नव्या कायद्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही नाही. यवतमाळला अर्ज देणार असल्याची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली, तेव्हा दुकानदाराने स्वतः फोन करून पंप बदलून दिला.

आर्णी तालुक्यातून
नोटिशीचा मसुदा येथे लिहाल का, दादा? आमच्या गावात तिघांना उपयोगी पडेल.

घाटंजी तालुक्यातून
आणि बॅगेचे लेबल किती दिवस ठेवावे?

नेर तालुक्यातून
मसुदा रात्री लिहितो. लेबल दोन वर्षे ठेवा, कारण आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तेवढी आहे.